ग्रीक-रोमनांचे देव गेले कुठे?

गेल्या श्रावणात मंडळाच्या दुपारच्या वाचनवर्गात आपण जुन्या ग्रीसच्या कथा वाचावयास घेतल्या होत्या. झ्यूस, हेरा, अथीना, पोसायडन अशी नावे एकामागून एक कानांवर पडू लागली, तेव्हा आपल्यातील एक वयोवृद्ध सभासद मध्येच म्हणाल्या, "अहो, त्यांचेही आपल्यासारखे पुष्कळ देव होते म्हणता, मग ते गेले कुठे? देव काय असे उठून जातात?" सगळ्या हसल्या आणि वर्ग पुढे चालू झाला. प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. चिटणीसबाईंनी वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा या प्रश्नाचेच उत्तर जमेल तसे द्यावे असे ठरविले.

नावांपुरते पाहिले तर उत्तर सोपे आहे. ते देव आपल्या भिंतीवर टांगलेले आहेत. जानेवारी हा रोमनांच्या जेनस देवाचा महिना. जेनस म्हणजे दाराचा देव. त्याला दोन तोंडे, एक आत पाहणारे आणि एक बाहेर. मार्च मार्स नावाच्या युद्धदेवाचा, तर जून ज्यूनोचा. ही ज्यूनो लग्नाची आणि बाळंतिणीची पाठराखीण. आठवड्याचे वारही तसेच. रोमन लोक गुरुवारला ज्युपिटरचा दिवस म्हणत आणि शुक्रवारला व्हीनसचा. आपला गुरू म्हणजे तोच ग्रह आणि शुक्रही तोच. ही सात वारांची मालिका ग्रीक ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आली. वाराचा उल्लेख असलेला आपल्या देशातील सर्वांत जुना शिलालेख मध्य प्रदेशातील एरण येथे आहे, तो इ. स. ४८४ चा आणि तो दिवस गुरुवार. आपले जोशीबुवा पत्रिका मांडताना 'होरा' आणि 'केंद्र' म्हणतात, ते शब्दही मूळचे ग्रीकच.

एक देव तर प्रत्यक्ष आपल्या महाराष्ट्रात येऊन राहिला आहे. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे १९४५ च्या सुमारास रोमन बनावटीची काशाची भांडी, आरसा वगैरे वस्तू सापडल्या, आणि त्यांतच समुद्रदेव पोसायडनची एक लहानशी मूर्ती निघाली. उलट दिशेनेही प्रवास झाला होता. इटलीतील पॉम्पेई हे गाव इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्यासारख्याच घडणीची हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात भोकरदनला मिळाली आहे. पॉम्पेईच्या मूर्तीला कोणी लक्ष्मी म्हणतात, कोणी यक्षी. ती पूजेत असावी असे मात्र दिसत नाही. बहुधा एखाद्या सुंदर चौरंगाचा किंवा आरशाचा तो भाग असावा.

परंतु बाईंचा प्रश्न नावांचा किंवा मूर्तींचा नव्हता. पूजा कुठे गेली, असे त्यांना विचारावयाचे होते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ग्रीकांचे देव म्हटले की आपल्याला त्यांच्या भानगडी आठवतात. झ्यूसची प्रेमप्रकरणे, हेराचा मत्सर, आफ्रोदितीचे रुसवेफुगवे. या कवींनी सांगितलेल्या कथा. हिरोडोटस हा त्यांचा पहिला मोठा इतिहासकार. त्याने तर स्पष्टच लिहून ठेवले आहे की देवांची वंशावळ, नावे आणि कामे ग्रीकांना होमर आणि हेसिअड या दोन कवींनी लावून दिली. पण कथा वेगळी आणि पूजा वेगळी. ग्रीकांना एकच धर्मग्रंथ नव्हता आणि सर्वांवर हुकमत चालविणारा धर्मगुरूही नव्हता. तू काय मानतोस, असे सहसा कोणी कोणाला विचारीत नसे. देवाचे देणे वेळच्या वेळी पोहोचले की नाही, एवढेच पाहावयाचे.

शिवाय एकाच देवाची रूपे किती! आकाशातून वीज टाकणारा झ्यूस वेगळा, घराच्या अंगणाचा राखणदार झ्यूस वेगळा आणि कोठीतला झ्यूस आणखी वेगळा. हा कोठीतला झ्यूस मला फार आवडला. त्याला मूर्ती लागत नसे. दोन कानांचे नवे झाकणाचे मडके घ्यावयाचे, त्याच्या कानांना पांढरी लोकर गुंडाळावयाची, आत स्वच्छ पाणी, तेल आणि तऱ्हतऱ्हेची फळे घालून ते कोठीत मांडावयाचे, की झाला देव. कलश मांडणाऱ्या बायकांना याहून अधिक समजावून सांगावयास नको. झ्यूस हे नाव आणि रोमनांचे ज्युपिटर हे दोन्ही आपल्या वेदांतील 'द्यौस्' आणि 'द्यौष्पितृ' यांचे सख्खे भाऊबंद आहेत, हे भाषाशास्त्रज्ञांनी केव्हाच सिद्ध केले आहे. म्हणून काही ग्रीकांचा धर्म आपल्याकडून गेला असे होत नाही. घर फार जुन्या काळी फुटले आणि दोन्हींकडे मूळ नाव राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

चुलीची देवता हेस्तिया. तिच्या नावावर कथा जवळजवळ नाहीतच. पोसायडन आणि अपोलो या दोघांनी तिला मागणी घातली आणि तिने दोघांनाही नकार दिला, एवढीच एक गोष्ट. त्याबद्दल झ्यूसने तिला घराचा मध्यभाग दिला. नैवेद्यात पहिला मान तिचा. मूल जन्मले की काही दिवसांनी त्याला चुलीभोवती फिरवून आणीत, मगच ते घरचे झाले. नवी नवरी घरात आली की तिला चुलीजवळ बसवून तिच्यावर सुकी अंजिरे आणि कवचाची फळे उधळीत. गावालाही अशीच एक सामाईक चूल असे, आणि लोक समुद्रापलीकडे नवे गाव वसवावयास निघाले की त्या चुलीतला विस्तव बरोबर नेत. ज्या देवतेला कथा नाही तीच सर्वांत जवळची असते की काय, असे मला हे वाचताना वाटून गेले.

आता बायकांचे पाहू. अथेन्सच्या लोकशाहीची आपण एवढी कीर्ती ऐकतो. पण त्या लोकशाहीत बाईला मत नव्हते. तिच्या नावावर म्हणण्यासारखी मालमत्ता नव्हती, आणि न्यायालयात तिच्या वतीने कोणीतरी पुरुषच बोलावयाचा. मात्र देवळाच्या पायरीवर तिची पत एकदम वाढे. अथीना ही गावाची मुख्य देवता. तिची मुख्य पुजारीण स्त्रीच असे. लिसिमाखी नावाच्या एका पुजारणीने हे काम ६४ वर्षे केले अशी नोंद आहे. अथीनेच्या ऑलिव्हच्या लाकडी मूर्तीला उत्सवात नवे वस्त्र नेसवीत. ते विणावयाचे काम मुलींचे आणि बायकांचे, आणि ते नऊ महिने आधी मागावर चढे. दिग्विजयी गावाचा सर्वांत मोठा उत्सव, पण बायकांनी वस्त्र विणल्याखेरीज तो पुरा व्हावयाचा नाही.

डेमेटर ही धान्याची देवता. तिच्या थेस्मोफोरिया या उत्सवात तर पुरुषांना थारा नव्हता. पेरणीच्या आधी, शरद ऋतूत, नागरिकांच्या लग्न झालेल्या बायका घरदार सोडून तीन दिवस एकत्र राहत. मधला दिवस कडक उपासाचा. त्या दिवशी त्या जमिनीवर बसून राहत. देवीला वाहिलेल्या डुकरांचे खड्ड्यात कुजलेले अवशेष वर काढून ते बियाण्यात मिसळीत, म्हणजे पीक चांगले येई. हे ऐकून आपल्याला शिसारी येईल. पण खत म्हणजे दुसरे काय असते? आत बायका काय करतात याचे पुरुषांना भारी कुतूहल. ॲरिस्टोफेनीसने इ. स. पूर्व ४११ मध्ये यावर एक विनोदी नाटकच लिहिले. त्यात एक पुरुष बाईचा वेष करून आत शिरतो आणि पकडला जातो.

रोममध्ये हे नाटक साडेतीनशे वर्षांनी प्रत्यक्ष घडले. 'बोना देआ' म्हणजे कल्याणी देवी. तिची पूजा डिसेंबरात एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याच्या घरी रात्री होई. पूजेला फक्त बायका असत आणि घरधन्याने त्या रात्री बाहेर राहावयाचे. इ. स. पूर्व ६२ मध्ये ती ज्यूलियस सीझरच्या घरी होती. क्लोडियस नावाचा एक उनाड सरदारपुत्र वीणा वाजविणाऱ्या बाईच्या वेषात आत घुसला आणि आवाजावरून दासीने त्याला ओळखले. पुढे खटला झाला. क्लोडियस निर्दोष सुटला, आणि सीझरने आपल्या बायकोला काडी मोडून दिली! तिच्यावर काही सिद्ध झाले नव्हते. संशयच पुरे झाला.

रोमनांच्या देवांची संख्या मोजण्याच्या फंदात कोणी पडू नये. कामागणिक देव. बाळाचा पहिला ट्याहां काढविणारा एक, पाळणा सांभाळणारी कुनिना, अंगावर पाजते वेळची रुमिना, खाऊ घालणारी एदुका, पाणी पाजणारी पोतिना. दाराला तर तिघे: फळ्यांचा फोर्क्युलस, बिजागरीची कार्डेआ आणि उंबरठ्याचा लिमेंटिनस. पुढे ख्रिस्ती संत ऑगस्टीन याने याची यथेच्छ टर उडविली. माणसाच्या घराला एक दारवान पुरतो, यांना तीन देव लागले, असे तो म्हणतो. युक्तिवाद बिनतोड खरा. पण ज्या घरात जन्मलेल्या मुलांपैकी कितीतरी बोलू लागण्यापूर्वीच जात, त्या घरातल्या आईने पाळण्याची एक देवी, दुधाची एक आणि घासाची एक अशा मानल्या, तर तिला हसावे असे मला वाटत नाही. ऑगस्टीन मोठा विद्वान होता. त्याने पाळणा किती वेळा हलविला असेल देव जाणे.

घराचे देव म्हणजे लारेस आणि पेनातेस. पेनातेस कोठीचे, लारेस वास्तूचे. पॉम्पेईच्या घरांतून त्यांची देवघरे अजून दिसतात. पुष्कळ ठिकाणी ती स्वयंपाकघरातच आहेत, आणि खाली रंगविलेले साप. मुलगी लग्नाला निघाली की आपल्या बाहुल्या माहेरच्या लारेसना वाहून जाई. सासरी येताना तीन नाणी आणी: एक नवऱ्याला, एक त्या घरच्या लारेसना आणि एक चव्हाट्याच्या देवांना. ही पूजा मुळात कोणाच्या हातातली? केटो नावाच्या करड्या गृहस्थाने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिले आहे. त्यात मळ्यावरच्या कारभारणीला ताकीद आहे की महिन्याच्या ठराविक दिवशी आणि सणावारी चूल झाडून तिच्यावर माळ चढव, लारची प्रार्थना कर. पण मालकाने सांगितल्याखेरीज दुसरी कसलीही पूजा करू नकोस, कारण साऱ्या घरासाठी देवाचे करणारा मालक आहे. चूल तिने झाडावयाची, पुण्य त्याच्या खाती.

अनेक देव मानणारे लोक आपोआप उदार असतात, असे पुष्कळ वेळा सांगितले जाते. माझाही तोच समज होता. नवे देव ते सहज आत घेत, हे खरे. कार्थेजच्या युद्धात रोम टेकीस आले तेव्हा त्यांनी इ. स. पूर्व २०४ मध्ये आशियातून महामातेची काळी शिळा सन्मानाने आणून स्थापिली. पण इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्सने सॉक्रेटिसला विषाचा पेला दिला, तो गावाचे देव मानीत नाही या आरोपावरून. आणि इ. स. पूर्व १८६ मध्ये रोममध्ये जे घडले ते तर बायकांच्या उत्सवावरच बेतले. बाकसची पूजा आधी फक्त बायकांची होती आणि दिवसाउजेडी चाले. पुढे तीत पुरुष आले, ती रात्री होऊ लागली, आणि नाही नाही त्या वावड्या उठल्या. सेनेटने चौकशी लावली. लिव्ही हा इतिहासकार सांगतो की सात हजारांवर स्त्रीपुरुष तीत गुंतले होते आणि कैद झालेल्यांहून ठार मारलेल्यांची संख्या मोठी होती. दोषी ठरलेल्या बायकांना बापाच्या किंवा नवऱ्याच्या स्वाधीन केले. का, तर शिक्षा त्यांनी घरातल्या घरात द्यावी म्हणून. शिक्षा देणारा योग्य पुरुष घरी नसेल तरच ती चारचौघांत. सेनेटच्या हुकमाचा काशाचा पत्रा आज व्हिएन्नात आहे. परवानगीवाचून या पूजेला पाचांहून अधिक माणसे जमू नयेत, त्यांत पुरुष दोन आणि बायका तीन, असे त्यावर कोरले आहे.

रोमची गावचूल म्हणजे वेस्ता. हेस्तियाचीच ही रोमन बहीण. तिच्या गोल देवळात अखंड अग्नी असे आणि तो सांभाळावयास सहा कुमारिका. मुलगी सहा ते दहा वर्षांची, अव्यंग आणि आईबाप हयात असलेली पाहून निवडीत. मग तीस वर्षांचे व्रत: दहा वर्षे शिकावयाचे, दहा वर्षे करावयाचे, दहा वर्षे शिकवावयाचे. दरवर्षी १ मार्चला अग्नी नव्याने पेटवीत. त्याच दिवशी घरोघर ज्यूनोचा सण असे आणि नवरे बायकांना भेटी देत. एरवी हलगर्जीपणाने अग्नी विझला तर कुमारिकेला फटके मिळत, आणि शुभ झाडाच्या लाकडावर लाकूड घुसळून विस्तव पुन्हा काढावा लागे. आपल्या अरणीची आठवण होते. राज्याच्या सर्व यज्ञांना लागणारे खारे पीठही याच कुमारिका दळीत.

त्यांचा मान मोठा होता. बापाच्या हुकमतीतून त्या सुटत, स्वतःचे मृत्युपत्र करू शकत. रस्त्याने निघाल्या की पुढे राजदंडधारी चाले, आणि फाशी जाणारा कैदी वाटेत अकस्मात भेटला तर तो सुटे. इतर रोमन स्त्रीने हे स्वप्नातही पाहिले नसेल. त्याची किंमतही तशीच. कुमारिकेचे पाऊल घसरले असे ठरले तर तिला गावाच्या वेशीजवळ जिवंत पुरीत. भुयारात एक बिछाना, एक दिवा, थोडी भाकरी, पाणी, दूध, तेल ठेवीत. आपण तिला मारले नाही, असे म्हणावयास जागा राहावी म्हणून! इ. स. पूर्व २१६ मध्ये हॅनिबलने रोमची मोठी फौज कापून काढली तेव्हा कोपलेल्या देवांचे कारण शोधता शोधता ओपिमिया आणि फ्लोरोनिया या दोघींवर बोट गेले. एकीला पुरले, दुसरीने आधीच जीव दिला. पुरुषांनी लढाई हरावी आणि तिचा जाब देवळातल्या मुलींनी द्यावा!

डोमिशन बादशहाच्या कारकीर्दीत, म्हणजे इ. स. ८१ ते ९६ या काळात, कॉर्नेलिया या मुख्य कुमारिकेची अशीच गत झाली. तिचे म्हणणेही ऐकून घेतले नाही. तिच्या गैरहजेरीतच निकाल. धाकट्या प्लिनीने एका पत्रात तिचा शेवट लिहिला आहे. भुयारात उतरताना तिचे वस्त्र अडकले. तिने वळून ते सावरून घेतले. मारेकऱ्याने आधारासाठी हात पुढे केला, तेव्हा ती अंग चोरून मागे सरली आणि आपण होऊन उतरली. ती निर्दोष होती की नाही हे मला ठाऊक नाही, पण ती निर्दोष असल्यासारखी गेली, अशा आशयाचे प्लिनी लिहितो. हा मजकूर मी वर्गात वाचून दाखविला नाही. तो सणाचा दिवस होता.

आता शेवटाकडे येऊ. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला राज्यात मोकळीक मिळाली. पुढे बादशहाच ख्रिस्ती झाले. ३८२ मध्ये ग्रेशियनने सेनेटच्या सभागृहातील विजयदेवीची वेदी हलविली आणि वेस्ताच्या कुमारिकांचे नेमणुकीचे उत्पन्न बंद केले. ३८४ मध्ये सिमॅकस या वृद्ध वळणाच्या सरदाराने नव्या बादशहाला अर्ज केला. त्याचे मागणे साधे होते: आमच्या बापजाद्यांचे आम्हांला करू द्या, एवढ्या मोठ्या रहस्याकडे जाणारी वाट एकच कशी असेल? मिलानचे बिशप अँब्रोज यांनी विरोध केला आणि अर्ज फेटाळला गेला. हाच प्रश्न साडेपाचशेहून अधिक वर्षांपूर्वी बाकसच्या भक्तांनी सेनेटला विचारला असता तर सिमॅकसच्या पूर्वजांनी काय उत्तर दिले असते, हे मनात आल्याखेरीज राहत नाही. तरीही अर्ज वाचताना मन त्याच्याच बाजूला जाते.

मग ८ नोव्हेंबर ३९२ चा थिओडोशियस बादशहाचा कायदा आला. तोवर देवळे आणि यज्ञ यांवर बंदी होती. या कायद्याने घरात पाय टाकला. लारला अग्नी दाखवू नये, कुलपुरुषाच्या देवतेला मद्य अर्पू नये, पेनातेसना धूप घालू नये. दिवा लावू नये, माळ चढवू नये. केटोच्या कारभारणीने जे जे करावयाचे ते सर्व आता गुन्हा झाले.

झोसिमस हा जुन्या धर्माचा इतिहासकार एक गोष्ट सांगतो. तो त्या पक्षाचा, तेव्हा थोडे मीठ कमी घालूनच ती वाचावी. थिओडोशियसची पुतणी सेरेना ३९४ च्या सुमारास थट्टेने महामातेचे देऊळ पाहावयास गेली. देवीच्या गळ्यातला हार तिला आवडला, तो काढून तिने स्वतःच्या गळ्यात घातला. तेथे एक म्हातारी होती. वेस्ताच्या कुमारिकांपैकी ती शेवटची उरलेली. तिने सेरेनाला तोंडावर सुनावले. सेरेनाने नोकरांकडून तिला हाकलून लावले, आणि म्हातारी पायऱ्या उतरताना शाप देत गेली. ४०८ मध्ये गॉथांनी रोमला वेढा घातला तेव्हा फितुरीच्या संशयावरून सेनेटने सेरेनाला गळा आवळून मारविले. त्याच गळ्याला फास बसला, असे झोसिमस आवर्जून लिहितो. संशयावर बाईचा जीव घेण्याची रोमची रीत मात्र धर्म बदलला तरी बदलली नव्हती.

आणि घरातले देव? ते कायद्याने लगेच गेले नाहीत. तीच बंदी पुढच्या बादशहांना पुन्हा पुन्हा घालावी लागली, यावरूनच ते कळते. संत जेरोम आपल्या बायबलच्या टीकेत याच सुमारास तक्रार करतो. कायदा होऊन पंधरा-सोळा वर्षे झाली होती. तो म्हणतो, जगाची राणी म्हणविणाऱ्या रोममध्ये अजून घरोघरी, चाळीचाळींतून, दाराआड राखणदेवीची मूर्ती मांडलेली असते, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दृष्टीस पडेल अशा बेताने तिच्यापुढे मेणबत्त्या आणि दिवे लावलेले असतात.